सोय कुणाची?

कोकणीत खवलेल्या नारळाला ‘सोय’ म्हणतात. मराठीतली ‘सोय’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. घरात एक भाषा बोलायची आणि कागदावर दुसरी लिहायची, हा आम्हा गोंयकारांचा जन्माचा खेळ. तरीही साठी उलटेपर्यंत हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून बघायची बुद्धी मला कधी झाली नाही. ती झाली २०२५च्या जून महिन्यात. कारण घरगुती आहे, त्यामुळे थोडं घरातलंच सांगावं लागेल.

आमची मुलगी पुण्याला असते. पूर्वी बाळंतपणाला मुलगी माहेरी यायची. आता तिचा डॉक्टर तिथे, तिचं काम तिथे, म्हणून माहेरच तिच्याकडे जातं! मे महिन्याच्या अखेरीस आमची सौ. दोन बॅगा, एक डबा मेथीचे लाडू आणि बरणीभर मिस्कूट घेऊन पुण्याच्या बसमध्ये बसली. मुक्काम तीन महिने. घरी उरलो मी आणि माझी ब्याऐंशी वर्षांची आई. निघताना सौ. म्हणाली, “सोपं सोपं कायतरी करत जा.” मीही बेफिकीरपणे मान हलवली. निवृत्त माणूस, हातात वेळच वेळ, कपाटात ‘रुचिरा’, फोनमध्ये हजार रेसिपी. आणखी काय पाहिजे?

आमच्या घरात नारळ नेहमी आईच खवायची. सौ. लग्न होऊन आली तेव्हा वाटणी झाली ती अशी: चूल हिची, आदोळी तिची. म्हणजे मी स्वयंपाक करायचा आणि आईने सोय द्यायची, असं मी मनात धरून चाललो होतो. पण सौ. गेली त्याच आठवड्यात आईचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, या हाताला आता जोर नको, पिळणं नको, खवणं तर नकोच नको. आई डॉक्टरांसमोर काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “तर मग आयज कितें रांदतलो?”

मी आदोळीवर बसलो.

ज्यांनी आदोळी पाहिली नाही (अशी मंडळी गोव्यातही आता सापडतात), त्यांच्यासाठी सांगतो. बसायला बुटकी लाकडी पाटी, पुढे वर वळलेलं विळीचं पातं आणि त्याच्या टोकाला दातेरी चकती. एक पाय दुमडून पाटीवर बसायचं, पातं समोर ठेवायचं आणि नारळाची कवड दोन्ही हातांनी त्या दातांवर फिरवायची. दिसायला अगदी सोपं. पहिल्या पाच मिनिटांत माझी कंबर बोलू लागली, दहाव्या मिनिटाला अंगठा कापला आणि पंचवीस मिनिटांनी ताटात जे काही पडलं होतं त्यात पांढऱ्यापेक्षा तांबूस जास्त होतं. आईने खुर्चीतूनच वाकून पाहिलं आणि म्हणाली, “पुता, ही सोय न्हय, करटी.”

त्या दिवशीचं हुमण करड्या रंगाचं झालं. (हुमण म्हणायचं ते बांगडे होते म्हणून. बांगडेही फ्रीजमधले शेवटचे, कारण एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद.)

रात्री अंगठ्याला पट्टी बांधून मी हिशोब मांडला. आयुष्यभर हिशोबाचीच नोकरी केली, ती खोड काही जात नाही. आईचं लग्न १९६३ साली झालं. तेव्हापासून रोज सरासरी एक नारळ धरला, सणावारी जास्त लागतात ते सोडून दिले, आजारपणाचे दिवस वजा केले, तरी साठ वर्षांचे एकवीस हजार नऊशे होतात. तिला एका नारळाला माझ्यासारखी पंचवीस मिनिटं लागत नाहीत, पंधरा धरू. झाले जवळजवळ साडेपाच हजार तास. म्हणजे दिवस-रात्र धरून साडेसात महिने ही बाई त्या पाटीवर एक पाय दुमडून बसली आहे. तेवढ्या काळात मी त्या आदोळीवर किती वेळ बसलो? लहानपणी तिच्यावर बसून घोडा-घोडा खेळलो असेन, तेवढाच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या तीन महिन्यांत मी ‘सोप्या’ पाककृती भरपूर वाचल्या आणि पाहिल्या. मला त्यांचं व्याकरण खटकलं. साहित्याची यादी बघा: खवलेला नारळ एक वाटी, बारीक चिरलेला कांदा एक, मोड आलेले मूग दोन वाट्या, साफ केलेली सुंगटां, निवडून धुतलेली पालेभाजी. सगळी धातुसाधितं! खवलेला, कुणी खवलेला? साफ केलेली, कुणी केलेली? या यादीत काम करणारा माणूसच नाही. आणि मग खाली लिहिलेलं असतं, ‘वेळ: दहा मिनिटं’. अहो, दहा मिनिटं ही नारळ खवून झाल्यानंतरची! मुगागाठींचंच घ्या. मूग रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड आले की पुन्हा पाण्यात टाकून एकेका मुगाची साल काढा. आमच्याकडे ते काम चार बायका गप्पा मारत करायच्या म्हणून ते काम आहे असं कुणाला वाटलंच नाही. मी एकट्याने केलं तेव्हा दोन वाट्या मुगांना सबंध दुपार गेली, आणि गप्पा मारायला समोर फक्त टीव्ही.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’वर माझा राग नाही. १९७० साली त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात लिहून नव्या संसारातल्या मुलींवर उपकारच केले. त्या काळात खवणारं कुणीतरी घरात असायचंच, ते त्या पुस्तकाने गृहीत धरलं. आपण आजही तेच गृहीत धरतो, हा आपला दोष. घरात माणसं तीन, त्यातली दोन नोकरीला आणि तिसऱ्याचं मनगट सुजलेलं, तरी यादीत पहिली ओळ तीच: एक नारळ, खवलेला.

कुणी म्हणेल, मग पाकीट आणा की! बाजारात खवलेलं खोबरं मिळतं, नारळाचं दूध डब्यात मिळतं, पावडर मिळते. इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरात पाकिटातलं खोबरं आलं नाही ते माझ्यामुळे. लग्नानंतर काही वर्षांनी सौ.ने एकदा ते आणलं होतं. मी दोन घास खाल्ले आणि जे काही व्याख्यान दिलं त्यात आपली संस्कृती, ताज्या नारळाचा वास, घरचं वाटण, असं सगळं येऊन गेलं. ते पाकीट पुन्हा कधी दिसलं नाही. मला वाटलं माझं म्हणणं तिला पटलं. व्याख्यान देताना मी सोप्यावर बसलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

बरं, व्याख्यानाची ही परंपराही आमच्या घरात जुनी. १९८४ साली आमच्याकडे मिक्सर आला. तोवर मसाला रगड्यावर वाटला जायचा. पहिल्या दिवशी बाबांनी भातावर हुमण घेतलं, एक घास खाल्ला आणि जाहीर केलं, “हुमणाक पयलींची रूच ना.” आई वाढत होती. तिने पळी खाली ठेवली नाही, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाली, “रगडो थंयच आसा.” बाबांनी मागच्या पडवीकडे एकदा पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा भात मागितला. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मिक्सरच्या हुमणाला नाव ठेवलं नाही. तो प्रसंग मी हसत हसत शंभर वेळा लोकांना सांगितला असेल. आपण त्यात बाबांच्या जागी आहोत हे शंभरातल्या एकाही वेळी लक्षात आलं नाही.

परंपरा परंपरा म्हणताना आपण किती मागे जायचं, हाही एक प्रश्नच आहे. हुमणातली मिरची पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आली. बटाट फोव आपण दिवाळीला मोठ्या भक्तिभावाने करतो, त्यातल्या बटाट्याचं नावसुद्धा त्यांचंच. सकाळी पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत येतो तो पावही त्यांचा. पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतो तो शब्दही त्यांचा. इतकं सगळं आपण पचवलं. मग नारळ कोण आणि कशाने खवतो याच्यावर संस्कृती अडून बसेल असं मानायचं काय कारण? चवीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी सोडणार नाही. सुक्या खोबऱ्याच्या चुऱ्याचं हुमण होत नाही, कुणी कितीही शपथा घातल्या तरी. पण ताजा नारळ हवा याचा अर्थ तो रोज सकाळी, त्याच बाईने, त्याच पाटीवर बसून खवायला हवा असा होत नाही. या दोन गोष्टींची गाठ आपणच मारून ठेवली आहे.

माझे प्रयोग सांगतो. ज्यांना उपयोग होईल त्यांनी घ्यावेत.

पहिला म्हणजे तीन-चार नारळ एकदम फोडायचे, कवडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि सकाळी बाहेर काढून गॅसच्या मंद आचेवर करटीच्या बाजूने थोड्या शेकायच्या. खोबरं करटीपासून सुटून येतं. पाठीची तांबूस साल सोलाणीने काढायची, तुकडे करून मिक्सरला फिरवायचे. आदोळीच्या सोयीइतकं मऊ होत नाही, पण वाटणच करायचं असेल तर फरक कुणाला कळतो? मी आईला न सांगता वाढलं. तिला कळलं, अर्थात. पण दोनदा भात घेतला. उरलेलं वाटी-वाटीच्या पिशव्या करून परत फ्रीजरमध्ये. वाटताना कोमट पाणी घालायचं, गार नको. रस दाट येतो. टेबलाला घट्ट बसवून दांडा फिरवायची खवणीही मिळते, तिला पाय दुमडावे लागत नाहीत. ती मी नंतर आणली.

दुसरा प्रयोग परिस्थितीने करायला लावला. त्या वर्षी नारळाचे भाव असे चढले की बाजारात एका नारळाला मी पन्नाशीच्या पुढे पैसे मोजले. गोव्याच्या माणसाने नारळ विकत घेताना हात आखडावा, याहून मोठी नामुष्की नाही. तेव्हा मी आईला विचारलं, नारळाशिवाय आपल्याकडे काय काय होतं? मला वाटलं ती म्हणेल, काही नाही. ती एक एक नावं सांगत गेली. आंबट-तीक. फुटी कढी. तिवळ. कुळथाची पिठी. ताकातले फोव. भाजलेला सुका बांगडा. आणि पेज.

पेजेवर थोडं रेंगाळतो, कारण माझ्या मते सोप्या स्वयंपाकाची ती राणी आहे आणि आपण तिला पार आजाऱ्याच्या खाटेशी नेऊन बसवलं आहे. एक वाटी उकडे तांदूळ, धुऊन सात-आठ वाट्या पाण्यात, जाड बुडाच्या टोपात, मंद आचेवर पाऊण तास. मीठ. संपलं. मध्ये ढवळायलाही फारसं लागत नाही. पाणी आटलंय असं वाटलं तर गरम पाणी ओतायचं. तांदूळ सालासकट उकडून मग वाळवलेला, त्यामुळे सालाजवळचं सत्त्व दाण्यात मुरतं आणि पॉलिशमध्ये सगळं निघून जात नाही. शेतात राबणारी माणसं सकाळी दहाला पेज जेवून दुपारपर्यंत कामाला वाकायची, ती काही आजारी नव्हती. बरोबर चेपणेचं तोर, नाहीतर निखाऱ्यावर (आता गॅसवर) भाजलेला सुका बांगडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मेमध्येच सुकं आणून ठेवलेलं असेल, तर जून-जुलैचे दोन महिने पावसाकडे बघत निवांत जातात.

पण पाहुण्यांना आपण पेज वाढू? जुलैत पुण्याहून जावयाचे एक मित्र कामानिमित्त आले होते, दुपारच्या जेवणाला थांबले. मी आदल्या रात्रीपासून पनीर आणायचं की काय या विवंचनेत. आई म्हणाली, पेज कर. मी म्हटलं, आई, लोकांना पेज? ती म्हणाली, त्याला विचार तरी. विचारलं. तो बिचारा आठवडाभर हॉटेलात तेलकट खाऊन कंटाळला होता. त्याने तीन वाडगे पेज प्यायली, तोर चोखून चोखून बाठा पांढरा केला, आणि ‘तुमच्याकडे रोज असं असतं का’ म्हणून विचारलं. रोज असतं, आम्ही दाखवत नाही! आपल्याकडचं जे खरोखर सोपं आहे त्याची आपल्याला लाज वाटते, आणि जे अवघड आहे ते दुसऱ्याने सोपं करून द्यावं अशी आपली अपेक्षा असते.

तिवळ तर त्याहून सोपं. सात-आठ सोलां कोमट पाण्यात अर्धा तास, मीठ, चेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर. ना गॅस, ना वाटण. मला आवडतं हे मला साठीनंतर कळलं, कारण घरात नारळाच्या दुधाची सोलकढी असताना तिवळाला कोण विचारतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पाककृतीत लिहिलेली नसते. आज काय करायचं, हा विचार. रांधायला तास-दीड तास लागतो, पण हा विचार आदल्या रात्रीपासून डोक्यात असतो. मूग भिजवले का, दही लावलं का, सोमवार आहे म्हणजे शिवराक, तायकिळो रस्त्याकडेला आलाय तर पानं खुडायला कधी जायचं, आईला संध्याकाळी जड पडेल का. दुसऱ्या आठवड्यात मी सौ.ला फोन करून विचारलं, उद्या काय करू? ती नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “काय पण कर, मला काय पण चालतं.” हे वाक्य तीस वर्षं मी तिला रोज सकाळी पेपरमागून ऐकवत आलो आहे. ते इतकं निरुपयोगी आहे याची मला कल्पना नव्हती.

त्याच फोनवर मी तिला उत्साहाने फ्रीजरची युक्ती सांगितली. वाटी-वाटीच्या पिशव्या, कोमट पाणी, सगळं. आणि म्हटलं, आता आपण रोज रोज खवायचं बंदच करू, आईलाही त्रास नको, तुलाही नको. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाईन गेली. मग ती म्हणाली, “म्हणजे, हें तीस वर्सां पयलीं चलपासारकें आशिल्लें?”

मी म्हटलं, बाळ रडतंय वाटतं, ठेवतो.

सौ. चवथीच्या आधी परत आली. २०२५ साली चवथ सत्तावीस ऑगस्टला होती. चवथीला मात्र फ्रीजरची सोय चालत नाही, हे माझंही मत आणि आईचंही. पातोळ्यांच्या चुनाला ताजी, मऊ, पांढरीशुभ्र सोयच लागते. नेवऱ्यांना लागते, खतखत्याला लागते. घर आमचं एकत्र नसलं तरी गणपती एकत्र, त्यामुळे तेरा नारळ. दरवर्षी आदल्या रात्री आई आणि सौ. खवायला बसायच्या आणि आम्ही पुरुषमंडळी माटोळी बांधून झाली की पत्ते कुटायचो.

या वेळी मी शेजारच्या दोन आदोळ्या मागून आणल्या. एक आमची, आणि टेबलावर ती नवी दांड्याची. धाकट्या भावाला एकीवर बसवलं, पुतण्याला दुसरीवर. पुतण्या बंगळुरूला संगणकात मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला दांड्याची खवणी हवी होती, पण ती जिममध्ये जाणाऱ्याला देण्यात अर्थ नव्हता. ती पाठदुखीवाल्या मोठ्या भावाला दिली. सौ. आणि जावा माजघरात पत्ते घेऊन बसल्या. पत्ते त्यांना फारसे येत नव्हते, हसण्याचा आवाज मात्र येत होता. आई मधोमध खुर्ची टाकून, मनगटाला पट्टा बांधून. प्रत्येक कवड करटीला लागली की तिची हाक: “पुरो! काळें येतलें!” भावाने पहिल्याच नारळाला अंगठा कापून घेतला, तेव्हा मला आतून जरा बरंच वाटलं.

तेरा नारळांना दोन तास लागले. सोय एका परातीत गोळा केली. आईने चिमूटभर उचलून बोटांत चोळून पाहिली. पुतण्याची जाडसर, भावाची बरी, मोठ्याची पिठासारखी. माझ्या ढिगाकडे तिने जरा जास्त वेळ पाहिलं.

“ही पातोळ्यांक दवर,” ती म्हणाली, आणि परात सौ.कडे सरकवली.